आयुष्य वाढवून मिळेल

मराठी घरात दीर्घायुष्य आजवर फुकट मिळत आलं. वाकून नमस्कार केला की ‘औक्षवंत हो’, वाढदिवसाला निरांजन ओवाळलं की पुढच्या वर्षाची सोय. खर्च म्हणाल तर एक फुलवात, चमचाभर तूप आणि वाकणाऱ्याच्या कमरेची झीज. आशीर्वाद देणाऱ्याने कधी पावती फाडली नाही, घेणाऱ्याने कधी दुष्परिणाम विचारले नाहीत. समोरचा खरंच शंभर वर्षं जगला तर त्याचं पथ्यपाणी कोण बघणार, ही काळजी ‘शतायुषी व्हा’ म्हणणाऱ्याला नसायची. हे सगळं म्हणण्यापुरतं आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असायचं, आणि म्हणूनच त्यातला गोडवा टिकून होता.

आता गोळी निघाली आहे.

आमच्या सोसायटीत ही बातमी आणली दुसऱ्या मजल्यावरच्या नानांनी. नाना संरक्षण लेखा खात्यातून निवृत्त झाले आहेत. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना आधी ‘मंजूर खर्च’ आणि ‘नामंजूर खर्च’ अशा दोन रकान्यांत दिसते. मुलगा सिएटलला. जाताना तो आईवडिलांच्या सोबतीला एक लॅब्रॅडॉर मागे ठेवून गेला. पुण्यात ही आता रीतच झाली आहे. मुलं हट्टाने कुत्रा आणतात, त्याचं नाव ब्रूनो ठेवतात आणि मग जीआरई देतात. ज्या वडिलांनी ‘घरात कुत्रा आला तर मी बाहेर पडेन’ असं बजावलेलं असतं, ते मग रोज पहाटे साडेपाचला खरोखरच बाहेर पडतात, कुत्र्याच्या मागून.

ब्रूनो आता उतारवयात आहे. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत, जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबतो आणि नानांकडे अशा नजरेने बघतो की लिफ्टचा मेंटेनन्स त्याच्या नावावर थकला असावा. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, “बाबा, इथे कुत्र्यांना जास्त जगवण्याच्या औषधाची चाचणी चालू आहे.”

नाना म्हणाले, “आणि माणसांना?”

“तेच औषध आहे. पण माणसांना त्यासाठी अजून मान्यता नाही. लोक आपापल्या जबाबदारीवर घेतात.”

“म्हणजे कुत्र्याला डॉक्टर आणि माणूस वाऱ्यावर,” नानांनी शेरा मारला आणि त्या दिवसापासून फाइल उघडली.

औषधाचं नाव रॅपामायसिन. त्याची जन्मकथा ऐकली की आपल्या पुराणकारांनी उगाच समुद्रमंथनाचा खटाटोप केला असं वाटतं. 1964 च्या नोव्हेंबरात कॅनडाहून एक जहाज निघालं आणि प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर, म्हणजे तिथल्या लोकांच्या रापा नुईवर गेलं. बेटावर विमानतळ होणार होता. बाहेरचं जग तिथे पोचण्याआधी तिथल्या माणसांची, जनावरांची, मातीची तपासणी करून ठेवावी असा मॅकगिल विद्यापीठाच्या स्टॅनली स्कोरिना यांचा बेत होता. त्यांच्याबरोबरच्या जॉर्ज नोग्राडी नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला एक कोडं पडलं. बेटावर घोडे चिक्कार, लोक अनवाणी फिरतात, आणि तरी कोणाला धनुर्वात होत नाही. त्यांनी बेटाचे 67 तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यातली माती कुप्यांत भरून घेतली. त्यांतल्या एका कुपीत एक जिवाणू निघाला आणि त्या जिवाणूच्या पोटी हे औषध. (अनवाणी चालण्याचे फायदे आमच्याकडचे आजोबा सांगतात तेव्हा कोणी कुपी घेऊन येत नाही, ही नानांची कायमची तक्रार.)

माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत ही माती ज्यांच्या हाती आली ते डॉक्टर सुरेंद्रनाथ सहगल आपल्याकडचे. बनारस हिंदू विद्यापीठातून औषधनिर्माणशास्त्र शिकून बाहेर पडलेले. हे विद्यापीठ ज्यांनी काढलं त्या मदनमोहन मालवीयांनी 1938 साली तपसीबाबांकडून कायाकल्प करून घेतला होता, तेव्हा दीर्घायुष्याची हौस त्या आवाराला जुनीच. सहगलांनी 1972 च्या सुमारास औषध वेगळं काढलं. ते बुरशीवर चाले, पण रोगप्रतिकारशक्ती दाबून टाकी, त्यामुळे कंपनीला त्यात राम दिसेना. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली आणि जुना माल टाकून द्यायची वेळ आली. सहगलांनी काय करावं? त्या जिवाणूचा शेवटचा साठा घरी नेला आणि फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवला. वर चिठ्ठी लावली की हे खाऊ नये. अमेरिकेत बदली झाली तेव्हा कोरड्या बर्फात गुंडाळून तो डबा त्यांनी बरोबर नेला, आणि कंपनीचं व्यवस्थापन बदलल्यावर, काही वर्षांनी, पुन्हा काम सुरू करून घेतलं.

ही हकीकत नानांनी सांगितली तेव्हा त्यांच्या पत्नी माई म्हणाल्या, “त्यात नवल ते काय? माझ्या फ्रीजरमधल्या आइस्क्रीमच्या एकाही डब्यात आइस्क्रीम नाही.” खरं होतं. एकात मटार होते, एकात ओल्या नारळाचा चव होता आणि तिसऱ्यात काय आहे हे माईंनाही सांगता येईना. मानवजातीचं भलं त्यातही असू शकेल.

1999 साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, ती मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी, सिरोलिमस या नावाने. शरीराने नवं मूत्रपिंड झिडकारू नये म्हणून. सहगल स्वतः 1998 मध्ये कर्करोगाने आजारी पडले होते. त्यांनी आपलंच औषध घेऊन पाहिलं, डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त जगले, आणि मग हे औषधामुळे की आपोआप ते कळावं म्हणून औषध थांबवलं. 2003 च्या जानेवारीत ते गेले. एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी प्रयोग पुरा केला.

दीर्घायुष्याचा बोभाटा झाला तो 2009 मध्ये, आणि तोही उंदरांमुळे. अमेरिकेत तीन ठिकाणी एकाच वेळी प्रयोग झाला. औषध खाद्यात टिकेना म्हणून त्याला आवरण चढवण्यात वेळ गेला, तोवर उंदीर 600 दिवसांचे झाले, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीचे. आता एवढ्या उशिरा देऊन काय उपयोग, असं वाटत असताना दिलं, तर निवृत्त उंदीर जास्त जगले. नरांत 9 टक्के, माद्यांत 14 टक्के.

नानांनी इथे कॅल्क्युलेटर काढला. ऐंशी वर्षांचं आयुष्य धरलं तर नानांना सात वर्षं वाढीव, माईंना अकरा.

“म्हणजे मी गेल्यावर तू चार वर्षं मोकळी,” नाना म्हणाले.

माई भाजी निवडत होत्या. “मी वटपौर्णिमेला सात जन्म कबूल केले होते. एकेक जन्म केवढा ते तेव्हा ठरलं नव्हतं.”

उंदरांचे टक्के असे माणसांना लावता येत नाहीत, हे मी म्हणून पाहिलं. पण हिशेबनीस माणसाला आकडा एकदा रकान्यात बसला की तो उठवणं कठीण.

औषध करतं काय, हे नानांनी सोसायटीच्या कट्ट्यावर समजावून सांगितलं आणि मला वाटतं त्यांच्याइतकं चांगलं कोणी सांगू शकणार नाही. पेशीत एक कारभारी असतो, त्याचं नाव एमटॉर. हे नावच मुळी या औषधावरून पडलं. खाणंपिणं भरपूर असेल तोवर तो बांधकाम काढत राहतो. खाणं तुटलं की बांधकाम बंद आणि दिवाळीच्या आधीची साफसफाई सुरू: जुनं मोडकं बाहेर काढायचं, त्यातलं चालण्यासारखं पुन्हा वापरायचं. (या साफसफाईचं कोडं उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं. आमच्याकडे दर ऑक्टोबरात हे काम करणाऱ्या बाईंना बोनस द्यायला का-कू होते.) रॅपामायसिन त्या कारभाऱ्याच्या कानात सांगतं की घरात धान्य नाही. पोट भरलेलं असतानाही पेशीला उपास घडतो.

“म्हणजे एकादशीची गोळी,” पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या.

बरोबर होतं. फरक एवढाच की आपल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी पाहून पेशीतला कारभारी जादा मजूर बोलावून घेतो.

आता पैशाचं बघू, कारण नानांच्या फाइलमध्ये ते पान सर्वांत जाड आहे. गोळी महाग नाही, हा पहिला धक्का. पेटंट केव्हाच संपलं आहे आणि भारतात ही गोळी जेनेरिक स्वरूपात बनते, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. उलट अमेरिकेतले हौशी लोकच ती इथून मागवतात. पूर्वी मुलाकडे जाताना आईच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि क्रोसिनच्या पट्ट्या असायच्या. उद्या शेजारच्या गोऱ्या बाईने कुत्र्यासाठी सांगितलेलं तारुण्य असेल आणि कस्टमवाला विचारेल, यात लोणचं आहे का?

त्यातही काटकसर करणारे आहेत. ग्रेपफ्रूटच्या रसाने हे औषध पचवून टाकणारं शरीरातलं यंत्र मंदावतं. शिकागो विद्यापीठात कर्करोगाच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात रोज ग्लासभर रसाने औषधाची रक्तातली पातळी साडेतीनशे टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणून रुग्णांना एरवी सांगतात की या गोळीबरोबर ते फळ अजिबात खाऊ नका. हौशी मंडळींनी त्याचा अर्थ काढला की गोळ्या कमी लागतील. लक्षाधीश माणसं अमरत्वाच्या बिलात सूट मिळावी म्हणून फळं पिळत बसली. एवढं ऐकून आमच्या सोसायटीतले रत्नागिरीचे काका उठलेच. “पपनस चालेल का? गावी परसात पडून सडतात.” पपनस हे ग्रेपफ्रूटच्या आईच्या ठिकाणी आहे हे खरं, पण अमरत्वाचा हापूसच्या पेट्यांसारखा सीझन सुरू होण्याआधी काकांना खाली बसवणं भाग होतं.

गोळी परवडते. न परवडणारी गोष्ट आहे ती गोळीने मिळालेली वर्षं, आणि ती वर्षं कोणी जेनेरिकमध्ये काढलेली नाहीत. दूध, वीज, कामवाल्या मावशी, मेडिक्लेमचा हप्ता, दातांची कवळी (तिला कुठे रॅपामायसिन आहे?), कानाचं यंत्र, त्या यंत्राच्या बॅटऱ्या. नाना केंद्र सरकारचे पेन्शनर असल्यामुळे त्यांची गोष्ट जरा वेगळी. तिथे नियम असा की ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा, पंचाऐंशीला 30, नव्वदला 40, पंचाण्णवला 50, आणि शंभर पूर्ण झाली की थेट शंभर टक्के जादा. म्हणजे पंचाण्णव ते शंभर हा टप्पा पार केला तर एका रात्रीत पन्नास टक्क्यांची उडी. सरकारी नोकरीत नानांना इतकी भरघोस बढती कधी मिळाली नव्हती.

“हा नियम ज्याने केला त्याला खात्री होती की कोणी येणार नाही,” नाना म्हणाले. “ज्या दिवशी या गोळीला मान्यता मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघेल.”

मला मात्र चिंता वाटते ती बँकेतल्या नोव्हेंबरची. हयातीचा दाखला देण्यासाठी आज जी रांग लागते ती पाहा आणि तिला अकरा वर्षांनी गुणा. अंगठ्याचा ठसा मशीनला आताच उमटत नाही, शंभराव्या वर्षी काय उमटणार? माणूस काउंटरसमोर धडधाकट उभा, दंड दाखवतोय, आणि संगणक म्हणतोय की ही व्यक्ती आढळत नाही. एक फायदा नक्की: आमच्या इमारतीच्या रीडेव्हलपमेंटचा करार झालेला आहे. ताबा मिळेपर्यंत जगायचं असेल तर गोळीवाचून इलाज नाही.

घरच्यांचं मत हाही खर्चच. वडील आणखी सात वर्षं जगणार, असं मुलांना सांगून पाहा. आनंद होतो, पण त्या आनंदाच्या आधी अर्धा क्षण जातो, आणि तो अर्धा क्षण व्हिडिओ कॉलवरसुद्धा दिसतो. आपण त्याला नेटवर्क म्हणतो. ययातीला खांडेकरांच्या आधीपासून आपण ओळखतो. त्याने मुलाकडे तारुण्य मागितलं आणि पुरूने दिलं. अमेरिकेतल्या ब्रायन जॉन्सन नावाच्या अब्जाच्या घरात खेळणाऱ्या गृहस्थांनी 2023 मध्ये आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला आणि स्वतःचा आपल्या वडिलांना दिला. तीन पिढ्या एका दवाखान्यात. नंतर स्वतःला काही फायदा दिसला नाही म्हणून त्यांनी ते बंद केलं. तरुण राहण्यावर ते वर्षाला वीस लाख डॉलर खर्च करतात असं सांगतात. आमच्या सोसायटीत पुरू शोधायचा झाला तर तो म्हणेल, “देतो ना बाबा, फक्त आधी टू-बीएचके माझ्या नावावर करा.”

याच जॉन्सनसाहेबांनी जवळजवळ पाच वर्षं रॅपामायसिन घेतलं आणि 2024 मध्ये सोडून दिलं. त्वचेला वरचेवर संसर्ग, कोलेस्टेरॉलची गडबड, साखर वर, नाडी जलद. तोंड येणं आणि जखमा लवकर न भरणं हे तर या औषधाचे ठरलेले त्रास. जखमेचं वाचलं आणि मी नंदुरबारच्या सातपुड्यात जाऊन आलो, मनाने. तिथल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या सुमारास अश्वत्थाम्याची यात्रा भरते. माणूस अमर, कपाळावरची जखम भरत नाही, आणि तिच्यासाठी तो दारोदार तेल मागत हिंडतो अशी लोकांची श्रद्धा. दुष्परिणामांची इतकी बिनचूक नोंद औषधाच्या कागदावरही नसते. आपल्याकडे सात चिरंजीव आहेत आणि त्यांतल्या एकाची तक्रार पाच हजार वर्षं प्रलंबित आहे.

सगळ्यांत गमतीची गोष्ट मेटफॉर्मिनची. ही आपली मधुमेहाची गोळी, दोन-तीन रुपयांची. तिने म्हातारपण लांबतं का हे नीट तपासून बघावं असं न्यूयॉर्कच्या नीर बार्झिलाय यांच्या मनात कित्येक वर्षं आहे. 65 ते 79 वयाची 3000 माणसं घ्यायची आणि सहा वर्षं पाहायचं. सगळी योजना तयार, पण पैशांसाठी अडून राहिली. कारण गोळी इतकी स्वस्त की ती चालते असं सिद्ध झालं तरी कोणा कंपनीला त्यात फायदा नाही. ज्या गोळीसाठी कॅलिफोर्नियातला तिशीतला कोट्यधीश डॉक्टरच्या मिनतवाऱ्या करतो ती आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजी गेली कित्येक वर्षं श्रीखंडाच्या आधी घेतात. त्यांना आपण दीर्घायुष्याच्या चळवळीत आहोत हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग अजून एक वाटी वाढ.”

माणसांसाठी हे पैसे उभे राहत नाहीत तिथे मांजरांसाठी काय झालं बघा. टोकियोत तोरू मियाझाकी हे शास्त्रज्ञ मांजरांच्या मूत्रपिंडाच्या आजारावर औषध शोधत होते. कोरोनाच्या काळात निधी आटला. 2021 मध्ये ते वृत्तांतून लोकांना कळलं आणि मांजरवाल्यांनी काही आठवड्यांत कोट्यवधी येन पाठवून दिले, कोणी मागितले नसताना. अमेरिकेत 2025 च्या मार्चमध्ये हेच आपलं सिरोलिमस मांजरांच्या एका हृदयविकारासाठी सशर्त मंजूर झालं. आठवड्यातून एकदा गोळी द्यायची. ‘एकदा’ हे वाचून ज्याला हायसं वाटतं त्याने मांजर पाळलेलं नाही.

कुत्र्यांचं काम तर फार पुढे गेलं आहे. सिएटलमध्ये 24 घरगुती कुत्र्यांना दहा आठवडे रॅपामायसिन देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले, आणि आता मोठी चाचणी चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉयल नावाच्या कंपनीने वेगळ्याच गोळीसाठी तेराशे कुत्री नोंदवली आहेत. वय दहाच्या पुढे हवं. 2025 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने म्हटलं की गोळीचा उपयोग होईल अशी वाजवी अपेक्षा धरता येते. सरकारी खात्याकडून ‘वाजवी अपेक्षा’ हे शब्द नानांनी उभ्या नोकरीत कधी ऐकले नव्हते, तेव्हा त्यांनी ते वाक्य लाल पेनने अधोरेखित केलं. त्याच कंपनीचं एक इंजेक्शन खास मोठ्या कुत्र्यांसाठी आहे. कुत्र्यांत उलटा न्याय असतो. चिवावा पंधरा वर्षं जगतो आणि ग्रेट डेन आठ-नऊ वर्षांत आटोपतो. वाढीच्या हार्मोनचा जोर जास्त, तर जीव लवकर थकतो. आणि आमचे पुणेकर वन-बीएचकेमध्ये सेंट बर्नार्ड आणतात. कुत्र्याला आल्प्स मिळत नाहीत, मालकाला सोफा मिळत नाही.

लॉयलची गोळी मांसाच्या चवीची आहे हे कळल्यावर माईंच्या घरात एक तात्त्विक पेच उभा राहिला. घर शाकाहारी. ब्रूनोची उकडलेली अंडी बाल्कनीत दिली जातात, बाल्कनी ही घटनात्मकदृष्ट्या घराबाहेर धरून. गोळीही तिथेच द्यावी असं ठरलं. पण मला त्या चर्चेत दुसरंच काही दिसलं. माणसाच्या गोळीचा विषय निघाला की नाना कॅल्क्युलेटर काढतात, माई सात जन्मांचं काढतात, मुलगा तो अर्धा क्षण घेतो. ब्रूनोच्या गोळीची किंमत मात्र कोणी विचारलीच नाही. “जे काय असेल ते द्यायचं,” नाना म्हणाले, फाइल न उघडता. कारण उघड आहे. ब्रूनो पंधरा वर्षं जगला तरी तो मृत्युपत्र बदलणार नाही, ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरुवात करणार नाही, सुनेच्या आमटीला नाव ठेवणार नाही. युधिष्ठिराने भाऊ आणि बायको वाटेत पडली तरी मागे वळून पाहिलं नाही, पण कुत्र्यावाचून स्वर्गात यायला नकार दिला. इंद्राने सोसायटीच्या चेअरमनसारखं सांगून पाहिलं की इथे कुत्रे चालत नाहीत. शेवटी चेअरमनलाच माघार घ्यावी लागली. त्या खटल्याचा निकाल आमच्या पाळीव-प्राणी-विरोधी गटाने अजून वाचलेला नाही.

एक अडचण मात्र नानांच्या लक्षात आली. ब्रूनो जास्त जगायचा तर त्याला पहाटे साडेपाचला फिरवणारा माणूसही जास्त जगायला हवा. तेव्हा नानांची स्वतःची गोळी आता ‘ब्रूनोच्या देखभालीचा खर्च’ या शीर्षाखाली मंजूर झाली आहे.

मधल्या काळात ते ब्रूनोच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी फाइल पाहिली, ब्रूनोला वजनकाट्यावर चढवलं आणि गोळीचं नावही न काढता सांगितलं की लॅब्रॅडॉरना जास्त जगवण्याचा उपाय केव्हाच सापडला आहे. 48 लॅब्रॅडॉर घेतले, जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला घातलं, जन्मभर. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले. 2002 मध्ये छापून आलं. खर्च शून्य, उलट बचत. नाना हरखून परत आले. हिशेबात खर्चाच्या जागी वजा चिन्ह येण्याचा योग किती जणांच्या नशिबी असतो?

दुसऱ्या दिवसापासून ब्रूनोचं ताट पाव हिस्सा कमी झालं. महिन्याने तो पुन्हा काट्यावर चढला, तर दीड किलो वाढलेला. नानांनी चौकशी लावली. लॅब्रॅडॉरांत पुष्कळांच्या जनुकातच पोट भरल्याची खूण हरवलेली असते हे शास्त्र झालं. बाकीचं आमच्या सोसायटीने केलं होतं. वॉचमन सकाळी पार्ले-जी देत होता. आजी दूधभात देत होत्या, “एवढासा जीव, किती वाळलाय.” रत्नागिरीचे काका आंबोळी देत होते. आणि रात्री दहाच्या सुमारास, नानांचं बातम्यांकडे लक्ष असताना, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी तूप लावलेली एक पोळी कमी होत होती. याबाबत माईंनी जबाब दिला नाही. दारी आलेल्या जिवाला नको म्हणू नये असं वळण ज्या समाजाला लागलंय तिथे उपाशी ठेवून कोणाला चिरंजीव करणं अवघड आहे.

म्हणून पुन्हा गोळीच. ती येईल तेव्हा ब्रूनोने ती नीट गिळावी यासाठी नानांनी रंगीत तालीम सुरू केली, सध्याच्या सांध्यांच्या गोळीवर. पोळीत गुंडाळून दिली. पोळी गेली, गोळी स्वच्छ पुसून फरशीवर परत. लोण्याबरोबर दिली, लोणी गेलं. केळ्यात घातली, तर ब्रूनोने ती सोफ्याखाली ठेवून दिली, पुढेमागे लागेल म्हणून. शेवटी परवा माईंनी पेढा आणला, मध्ये बोटाने खळगा केला, गोळी बसवली आणि वरून बंद केलं. ब्रूनोने न चावता गिळला आणि दुसऱ्याची वाट बघत बसला.

नानांनी फाइलमध्ये नोंद केली: ‘औषध पेढ्यातून देणे.’ मी म्हटलं, “नाना, ही गोळी शरीराला उपास आहे असं भासवण्यासाठी आहे. ती तुम्ही खव्यात आणि साखरेत घालून देणार?”

नाना पेन हातात धरून थांबले. आतून माई म्हणाल्या, “पेढा उपासाला चालतो.”